तिसरं पाणी

अंबरनाथ, १२ ऑगस्ट १९९६

काशी,

जयभीम. त्याच्याआधी ‘सप्रेम’ लिहायची आपल्या घरची रीत आहे. ती मी मुद्दाम गाळली आहे, चुकून राहिलं असं समजू नकोस.

तुझं पाकीट मिळालं. रद्दीपासून बनवलेल्या कागदाचं, कोपऱ्यात हिरवं पान छापलेलं. आत चार ओळी: आईला जप, मुंबईच्या हेड ऑफिसात कामाचा डोंगर आहे, जमलं की येते. आईला वाचून दाखवल्या. तिने त्या छापील पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “पोरीनं किती छान धाडलंय.” एका डोळ्याने जेवढं कौतुक करता येतं तेवढं केलं.

आता माझं नीट वाच, चहा पिता पिता वाचू नकोस.

बदलापूरच्या ‘चंद्रबन’ हॉटेलात मी लिनन रूम सांभाळायला लागले, तेव्हा तू दादरला हॉटेलचा कोर्स करत होतीस. चादरी, टॉवेल, नॅपकिन, धुणं, इस्त्री, सगळं माझ्या अंगावर. मग एके दिवशी तूच आलीस, छातीवर ‘पर्यावरण प्रशिक्षक’ अशी पट्टी लावून. केवढी मिरवत होते मी तुला! हॉटेलातल्या गयाबाईला तर मी इतक्यांदा सांगितलं ‘ही माझी धाकटी’, की ती म्हणाली, “कळलं गं, आता काय दवंडी पिटू?”

तू आम्हाला हॉलमध्ये बसवून शिकवायचीस. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. खोलीतून निघताना पंखा बंद. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पाटी: टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टाका. ती पाटी वाचून कुर्ल्याच्या एका काकूंनी चारही टॉवेल स्वतः साबणाने धुऊन गॅलरीत वाळत घातले होते, आठवतंय? तू कपाळाला हात लावलास आणि मी पोट धरून हसले. तेव्हा आपल्यात हसण्यासारखं होतं काहीतरी. जो विभाग पाणी वाचवेल त्याच्या दारावर तू हिरव्या पानाचं स्टिकर लावायचीस, आणि पोरी त्या स्टिकरसाठी एकमेकींशी भांडायच्या.

त्यात तू दोन गोष्टी शिकवल्यास. एक, धुण्याच्या कॉस्टिक सोड्याचे रिकामे निळे ड्रम भंगारात देऊ नका, कर्मचाऱ्यांना घरी वापरायला द्या. दुसरी, पाणी वाचवा. दोन्ही चांगल्याच. पण आम्ही ड्रम बाहेर काढायच्या आधी तीन पाण्यांनी विसळायचो. का? तर अंबरनाथ-उल्हासनगरात असल्या ड्रमात लोक प्यायचं पाणी भरतात म्हणून. तू लिनन रूममध्ये आलीस, नळ सुरू बघितलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “रिकाम्या ड्रमला तीन पाणी? ताई, ह्या धोबीघाटाच्या सवयी सोड आता.” मी म्हटलं, काशे, हे सोडायचं नसतं. तू हसलीस, नळ स्वतःच्या हाताने बंद केलास आणि दारावर स्टिकर लावलंस.

पहिला ड्रम तूच घरी, आईकडे, नेलास, हॉटेलच्या टेम्पोतून, फोटो काढून घेऊन. ‘प्रशिक्षकाच्या घरापासून सुरुवात.’ दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आईने घाईघाईने कळशी ओतली, ड्रम हलवला आणि आत वाकून बघितलं. तळाशी कॉस्टिक चिकटून बसलं होतं. ते उसळून तिच्या डोळ्यात गेलं.

आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये तू माझ्याकडे न बघता सांगितलंस, “विसळायची जबाबदारी लिनन रूमची. तशी सूचना दिली होती.” मला घरी बसवलं. तुला मुंबईला नेलं.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते. आई माझ्याकडे राहायला आल्यापासूनचं. भात माझ्या हातचा खाते, डोळ्यात औषध माझ्याकडून घालून घेते. पाणी मात्र घेत नाही. मी पेला पुढे केला की म्हणते, राहू दे, आणि स्वतः चाचपडत माठापाशी जाते. सोमा म्हणतो, घाबरली आहे, होईल ठीक. नवऱ्यांना सगळंच होईल ठीक वाटतं. माझ्या सख्ख्या आईला माझ्या हातच्या पाण्याची भीती वाटते, काशी, आणि ती भीती तू तिच्या मनात भरलीस.

मला एकच हवंय. तू ये, आईसमोर बस आणि बोल: तीन पाणी मी बंद केलं, ताईने नको म्हटलं होतं. एवढंच. तोवर मी तुला सुखाने राहू देणार नाही, हे लिहून देते.

अंजनी
(‘ताई’ लिहीत नाही. तो शब्द तू त्या केबिनमध्ये ठेवून आलीस.)


अंबरनाथ, ३ नोव्हेंबर १९९६

काशी,

जयभीम.

उत्तर नाही. धम्मचक्र दिनालाही आली नाहीस. आई नवं लुगडं नेसून दारात बसली होती. मी तिला म्हटलं नाही की काशी येणार नाही. बसू दे म्हटलं, तिला कळू दे. हो, इतकी वाईट झाले आहे मी.

तुझा फोटो मात्र आला. गयाबाईने हॉटेलचं मासिक आणून दाखवलं. तू झाडाला पाणी घालते आहेस आणि खाली लिहिलंय, ‘वागणूक बदलली की जग बदलतं.’ गयाबाई म्हणाली, “तुझ्या बहिणीचा चेहरा जरा उतरलाय.” मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. काही उतरलेला नाही. चांगली गुटगुटीत दिसते आहेस.

मी मात्र दारोदार फिरले. जांभूळ गावाच्या बाजूच्या एका गेस्ट हाऊसमध्ये गेले, तिथल्या साहेबाने नाव विचारलं आणि म्हणाला, “तुम्हीच का त्या ड्रमवाल्या?” नळावर बायका माझ्याकडे बघून भांडी सरकवतात. एकीने तर आईला विचारलं, “पोरीनंच केलं ना हे?” आई खाली बघत म्हणाली, “व्हायचं ते झालं.” नाही म्हणाली नाही. मी हंडा तिथेच टाकून घरी आले आणि रडले, आणि रडताना तुला शिव्या दिल्या. त्यातल्या अर्ध्या आपल्या आजीच्या होत्या, लिहिण्यासारख्या नाहीत.

अंजनी


उल्हासनगर, २० जानेवारी १९९७

काशी,

जयभीम. पत्ता बदललेला नाही, काम मिळालंय म्हणून गाव उल्हासनगर घातलं. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

कॅम्प पाचला नाल्याकाठी एका सिंधी शेठची लॉन्ड्री आहे. सगळे त्यांना साईं म्हणतात. गेस्ट हाऊसच्या चादरी, लग्नाच्या हॉलचे टेबलक्लॉथ आणि शेजारच्या कारखान्यांतल्या जीन्स, असं सगळं येतं. मी त्यांना स्वतःहून सांगितलं, साईं, मी ती ड्रमवाली. ते म्हणाले, “अरे बाबा, मेरे को चादर साफ मंगता है, तेरी कहानी नहीं. कल से आजा.” इतकं चांगलं माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

नाल्याचं काय सांगू? जीन्सचा रंग उतरवला की पाणी निळं, दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं सुटलं की जांभळं. तुझा हॉलमधला फळा आणि रंगीत खडू आठवतात. इथे प्रशिक्षण द्यायला ये कधीतरी. नाकाला पदर लावून ये.

मला त्यांनी खुणा करायचं काम दिलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याच्या कोपऱ्यात आमची खूण घालायची, म्हणजे माल एकमेकांत मिसळत नाही. साईंकडे अजून जुन्या धोब्यांची पद्धत आहे: सुईने बिब्ब्याचा रस घ्यायचा आणि टिंबं, रेघा मारायच्या. कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांवर बिब्बा उतला, फोड आले. आईने त्यावर खोबरेल लावलं. तेल तिच्या हातचं मला चाललं. माझं पाणी तिला चालत नाही.

इथलेही ड्रम भंगारवाला नेतो. मी साईंना स्पष्ट सांगितलं, तीन पाण्यांशिवाय एकही ड्रम बाहेर जाणार नाही. ते कुरकुरले, पाणी टँकरचं आहे. मी म्हटलं, माझ्या आईचा डोळा बघायला या. आले नाहीत, पण त्या दिवसापासून ड्रम विसळले जातात.

अंजनी


उल्हासनगर, १८ मार्च १९९७

काशी,

जयभीम. आज मला इतका आनंद झाला आहे की पोस्टाची वेळ निघून जायच्या आत लिहिते.

सकाळी टेम्पो आला, ताडपत्री घट्ट बांधलेला. साईंनी मला बोलावलं, नवं गिऱ्हाईक, मोठं हॉटेल, गुपचूप काम. गाठोडं सोडलं तर कोपऱ्यात चंद्रकोर शिवलेली. चंद्रबनच्या चादरी! त्यातल्या एकीला मीच कधीतरी रफू केलं होतं, माझाच टाका मला दिसला.

म्हणजे हॉटेलची लॉन्ड्री बंद केली तुम्ही. गयाबाईला विचारलं तर म्हणाली, हो, मशीनला कुलूप आहे, आणि पाण्याचा मीटर इतका कमी फिरतो की मॅनेजर खुशीत शीळ घालतो. जागतिक पर्यावरण दिनाला चंद्रबनला हरित हॉटेलचं मानपत्र मिळणार म्हणे, मुंबईहून परीक्षक येणार, आणि भाषण करणार काशीबाई! कर्मचाऱ्यांच्या बदललेल्या सवयींमुळे पाणी कसं वाचलं ते सांगणार!

तुझं वाचलेलं पाणी कुठे आहे माहीत आहे का तुला? माझ्या समोर आहे. तुमच्या चादरींचा मळ, तुमचं ब्लीच, सगळं आता नाल्यात जातंय. आणि धुणारी कोण, तर ज्या ताईला तू काढलंस ती. नशिबाला चांगली चेष्टा सुचली, आणि यावेळी ती माझ्यावर केलेली नाही.

अंजनी


उल्हासनगर, ९ एप्रिल १९९७

काशी,

जयभीम. अखेर उत्तर दिलंस! आठ महिने आईच्या डोळ्याबद्दल शब्द नाही, आणि चादरींचं नाव काढताच उलट टपाली पाकीट. टाइप केलेलं. ‘ताई, कृपया याची कुठेही वाच्यता करू नकोस. मॅनेजमेंटचा निर्णय आहे, माझा नाही. माझं सगळं यावर अवलंबून आहे.’

तुझं सगळं यावर अवलंबून आहे. माझंही सगळं एका वाक्यावर अवलंबून होतं. ते तू अजूनही लिहिलेलं नाहीस.

पण बरं. तू माझी धाकटी. शब्द देते: या तोंडातून चादरींबद्दल एक अक्षर निघणार नाही. ना परीक्षकांकडे, ना पेपरात, ना नळावर.

तुझ्या मॅनेजरने साईंना निरोप धाडला होता की आमच्या कपड्यांवर खूण करायची नाही. साईं भडकले. “बिना निशानी माल मिक्स हो गया तो कौन भरेगा, तेरा मैनेजर?” शेवटी ठरलं, खूण बारीक करायची. ती कोणती हे साईंनी माझ्यावर सोडलं. मी साधीच निवडली आहे: एक टिंब आणि त्याच्या शेजारी एक आडवी रेघ. एक उघडा, एक मिटलेला.

आईने परवा विचारलं, काशीचं काही आलं का. मी म्हटलं, आलं, खुशाल आहे, ताई म्हणून लिहिलंय.

अंजनी


उल्हासनगर, ३ जून १९९७

काशी,

जयभीम. घाईत आहे. परवाच्या जेवणासाठी तुमचे नवे कोरे नॅपकिन आलेत, कडक कांजी हवी म्हणून निरोप आहे. मी स्वतः करते आहे, पोरींना हात लावू देत नाही.

पंख्याच्या घडीने लावणार ना? परदेशी पाहुण्यांच्या वेळी लावायचो तशी? ती घडी मीच सगळ्यांना शिकवली होती. कोणता कोपरा वर येतो ते मला डोळे मिटूनही सांगता येईल.

भाषण छान कर. घसा कोरडा पडला तर पाणी पी.

अंजनी


अंबरनाथ, ८ जून १९९७

काशी,

जयभीम. तू तिथे होतीस, तरी लिहिते आहे. तुला तुझ्या बाजूने दिसलं, आता माझ्या बाजूने बघ.

जेवणाचं मला गयाबाईने सांगितलं. खोटं असेल तर कळव. नॅपकिनच्या घड्या घालताना खूण तिने पहिल्या नॅपकिनलाच बघितली. म्हणाली, “मला वाटलं, अंजनी अशी वेंधळी नाही. खूण आत लपणाऱ्या कोपऱ्याला घालायची असते हे ती कसं विसरेल? मग समजलं, आणि सगळे नॅपकिन तसेच लावले.” मी तिला काही सांगितलं नव्हतं. शब्द दिला होता ना तुला.

तू उभी राहिलीस, हिरवी साडी, हातात माईक. पाणी किती वाचलं, सवयी कशा बदलल्या, सगळं छान चाललं होतं. पुढे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाईंनी नॅपकिन उलगडायला घेतला आणि थांबल्या. शेजारच्याचा बघितला. त्याच्या शेजारच्याचा बघितला. मग तुला मध्येच थांबवून म्हणाल्या, “ही धोब्याची खूण आहे ना? आमच्या घरी यायची अशी. तुम्ही तर म्हणालात, सगळी धुलाई इथेच, कमी पाण्यात होते.”

मॅनेजर म्हणाला, डिझाईन आहे मॅडम. हसू नको तर काय करू? तू समोरच्या टेबलावरचा नॅपकिन उचललास. टिंब बघितलंस, रेघ बघितलीस. बाईंनी पुन्हा विचारलं, कपडे कुठे धुता? तेव्हा मागून गयाबाईने सांगितलं, “उल्हासनगरला, बाई. नाल्याकाठी.” तिची नोकरी जाईल असं वाटलं होतं. अजून गेलेली नाही.

दुपारी गाडी आमच्या लॉन्ड्रीच्या दारात आली. मी चादरी पिळत होते. बाई उतरल्या, मॅनेजर उतरला आणि सगळ्यांत शेवटी तू. तुझ्या चपला चिखलात रुतल्या. दोरीवर तुमच्या चंद्रकोरी वाळत होत्या आणि खाली नाला त्या दिवशी गडद निळा होता. साईं हात जोडून म्हणाले, “मॅडम, हम तो कपडा धोता है, पानी जिधर जाता है उधर जाता है.” बाईंनी नॅपकिन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “ही खूण तुमची? हिचा अर्थ काय?”

मी म्हटलं, हिला विचारा.

काशे, त्या वेळी तू खोटं बोलली असतीस तर मी तुला नाल्यात ढकललं असतं. खरंच सांगते, मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.

तू म्हणालीस, “माझ्या आईचे डोळे आहेत.” मग नाल्याकडे बघत म्हणालीस, “ड्रमाचं तीन पाणी मी बंद केलं होतं. ताईने नको म्हटलं होतं.”

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर पडल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते मला मिळालं, आणि तेही त्याच मॅनेजरसमोर. मी तुला म्हटलं, आता चल आईकडे, तिच्यासमोर बोल. तू नाही म्हणून मान हलवलीस आणि गाडीत जाऊन बसलीस. भित्री ती भित्रीच.

म्हणून मीच घरी गेले. एक नॅपकिन पदराखाली घालून नेला. आई दारात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, एका दमात, शाळेतल्या पोरीला बक्षीस मिळाल्यावर ती सांगते तसं. काशीने कबूल केलं गं, सगळ्यांसमोर केलं. माझी चूक नव्हती, आता तरी तुला पटलं ना?

आई तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “ठावं हाय मला.”

मी म्हटलं, काय ठाऊक आहे?

“दवाखान्यातच सांगितलं तिनं मला. पाय धरून रडली. म्हणाली, आई, नोकरी जाईल माझी. मीच म्हणाले, गप ऱ्हा, कुणाला सांगू नको.”

काशी, मी तिथे बसले होते, आणि मला वाटलं मी दुसऱ्याच कोणाच्या घरी येऊन बसले आहे. मी विचारलं, आणि माझी नोकरी? माझं नाव?

“तुला घर हाय, सोमा हाय. तिला त्या नोकरीबिगर काय होतं?”

मी विचारलं, नळावर तुला त्या बाईने विचारलं तेव्हाही? तेव्हाही गप्प बसलीस? तिने मान हलवली. मग मी ते विचारलं, जे मला सगळ्यांत आधी विचारायचं होतं. मी काही केलं नाही हे तुला ठाऊक होतं, तर माझ्या हातचं पाणी का नाही घेतलंस गं?

तिने माझ्याकडे बघितलं, तो एक डोळा भरून आला होता. “कुठल्या तोंडानं घेऊ, अंजने?”

मला वाटत होतं ती मला घाबरते. दहा महिने मी तेच धरून बसले होते, त्याच्यावर तुला शिव्या दिल्या, त्याच्यावर बिब्ब्याच्या खुणा केल्या. आणि तिला माझ्यापुढे स्वतःचीच लाज वाटत होती. तुमच्या दोघींचं गुपित होतं, आणि घरात एकटी मी वेडी होते.

बोलता बोलता तिला ठसका लागला. मी उठून माठापाशी गेले, पेला हातात घेतला. मग तो पालथा घातला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आईने उठून स्वतःच पाणी घेतलं.

आता सांग, तुझा सूड मी घेतला, तिचा कसा घेऊ?

अंजनी


अंबरनाथ, ६ जुलै १९९७

काशी,

जयभीम. सप्रेम अजून नाही.

तुझं पत्र मिळालं. यावेळी साध्या वहीच्या कागदावर, हाताने लिहिलेलं, पान-बिन काही नाही. मानपत्र गेलं, तुझी नोकरी गेली, खोली सोडावी लागणार आहे. शेवटची ओळ आहे, ‘ताई, येऊ का?’ ती मी दोनदा वाचली. एकदा आनंदाने वाचली, हे लपवत नाही.

आधी घरचं सांगते. आई आता माझ्या हातचं पाणी घेते. पहिले काही दिवस मीच दिलं नाही. ती माठापाशी जायची आणि मी बघत बसायचे. मग एकदा तिचा हात चुकला, पेला खाली पडला, आणि ती अंधारात चाचपडल्यासारखी जमिनीवर हात फिरवू लागली. मी उठले, दुसरा पेला भरला आणि तिच्या हातात दिला. माफ केलं म्हणून नाही, तहान लागली होती म्हणून. ती रडत रडत प्यायली. मी तिला एकच गोष्ट करायला लावली: दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर नळावर आली आणि त्या भांडी सरकवणाऱ्या बायकांना म्हणाली, “माझ्या थोरलीनं काय केलं नव्हतं.” तुझं नाव घेऊ नको असं मीच सांगितलं. ते तुझ्यासाठी ठेवलंय.

साईंनी मला दोन दिवस शिव्या घातल्या, “मेरा बड़ा गिराहक खा गयी तू.” तिसऱ्या दिवशी म्हणाले, अंजनी, लग्नाच्या हॉलवाल्यांच्या खुणा कर. नाला अजून तसाच आहे. परीक्षक बाईंनी कुठेतरी तक्रार केली आहे म्हणे, माणसं येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. साईं त्यांना चहा पाजत होते.

आता तुझ्या ‘येऊ का’चं उत्तर.

ये. साईंशी मी बोलले आहे. त्यांना ड्रम विसळायला माणूस हवं आहे. तू हॉलमध्ये उभी राहून पुष्कळ शिकवलंस, आता बादली घेऊन खाली बस. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. हातमोजे मी देईन, डोळ्यांना चष्मा देईन. मला तुझा डोळा नको आहे, एक गेला तेवढा पुरे. कोणी तुला विचारलं की तीन पाणी कशाला, तर कारण तू सांगायचंस, संपूर्ण, नावानिशी. हीच तुझी नवी प्रशिक्षकाची नोकरी. मी शेजारी उभी राहून ऐकेन.

आणि तुझा पहिला ड्रम घरी आणायचा आहे. मोरीत जागा रिकामीच ठेवली आहे मी. नळाला पाणी येईल तेव्हा तो तू भर. भरलास की आईला पेला देऊ नकोस, मलाही देऊ नकोस. पहिला पेला तू पी. आम्ही दोघी समोर बसून बघू, तीन डोळ्यांनी.

ताई